बारवेचे दगड कुणी नेले?

पाण्याबाहेर डोकं काढून अंगद धापा टाकत म्हणाला, "खाली नुसता गाळ हाय. दगड एकपण न्हाई."

बारवेच्या खालच्या पायरीवर बसलेल्या राजनंदिनीचा चेहरा उतरला. "चारी कोपरे बघितलेस ना नीट?"

"मी काय मासा हाय का? दम टिकला तेवढं बघितलं. आन् एवढाले दगड काय लपून बसत्यात का?"

अंगदची थोरली बहीण ऋतुजा पाण्याकडं बघत होती. दगड पाण्यात सापडतील, ही तिची शेवटची आशा होती. बारवेचा राखणदार त्रिंबक हा या दोघांचा काका. कालपासून त्याला पोलीस चौकीत बसवून ठेवलं होतं. बारवेची दुरुस्ती करणारा ठेकेदार शिवशंकर म्हणत होता, की कोरीव दगड त्रिंबकनंच विकले.

"मी दिवाळीला वसतिगृहातून घरी येते ती ही बारव बघायला," राजनंदिनी म्हणाली. "आणि हे काय होऊन बसलं?"

तळेवाडीची बारव म्हणजे खोल, चौकोनी, पायऱ्यांची विहीर. चुना नाही, सिमेंट नाही. घडीव दगडावर घडीव दगड बसवून बांधलेली. एकाच्या भारानं दुसरा धरलेला, म्हणून शेकडो वर्षं टिकलेली. बीडची खजाना विहीर मोठी, धारूरचा किल्ला तर त्याहून मोठा. तिकडं सहली जातात. तळेवाडीला कुणी येत नसे. पण भिंतीतल्या देवळ्यांमधल्या मूर्ती आणि काठावर उभा असलेला वीरगळ इथल्या पोरांना तोंडपाठ होता. आता देवळ्या रिकाम्या होत्या, आणि वीरगळाच्या जागी नुसता खड्डा.

"काकाला सोडलं न्हाई तर काकू एकटी आमाला कशी सांभाळंल?" ऋतुजा हळूच म्हणाली. "आई-बाबा दसऱ्यालाच ऊसतोडीला गेलेत. मग आमाला बी फडावर जावं लागंल. शाळा सुटली म्हणून समज."

"काका नक्की काय म्हणाले होते?"

"ठेकेदारानं त्याला सांगितलं, भिंत कच्ची झालीया, दोन दिवस इकडं फिरकू नको. म्हणून तो घरी होता."

राजनंदिनी उठून खड्ड्यापाशी गेली. कडेच्या दगडावर ताजे, खोल ओरखडे होते. साखळी घासल्यासारखे. पलीकडं चिखलात जाड चाकांची नक्षी उमटलेली.

"अंगद, तो वीरगळ किती माणसांना उचलेल?"

"माणसांना? त्याला जेसीबी लागंल. काकाकडं तर सायकलसुदिक धड न्हाई."

गावात जेसीबी एकच होता. तिघांनाही ते माहीत होतं. तो राजनंदिनीच्या वडिलांचा, सरपंच सुंदररावांचा होता.

"शिवशंकरनं मागून नेला असेल," राजनंदिनी घाईनं म्हणाली. "आबा कुणालाही देतात. हनुमानमामाला विचारू."

"विचारलं तर सांगंल का तो?" ऋतुजानं विचारलं.

"विचारायचंच न्हाई," अंगद केस पुसत म्हणाला. "माज्यावर सोडा."

जेसीबीचा चालक हनुमान चावडीसमोर मशीन धूत होता. अंगद त्याच्याजवळ जाऊन हळहळत उभा राहिला.

"मामा, वाईट झालं. बारवेचा वीरगळ नेताना म्हणं तुमच्या हातनं पडला. दोन तुकडे झाले म्हणं."

"कोण म्हणतंय बे?" हनुमान फडकं फेकून ताठ झाला. "माज्या हातनं पडंल? अंडं उचलावं तसा उचललाय. नव्या बंगल्यापातुर एक टवका उडाला न्हाई!"

मग त्याची नजर अंगदच्या मागं उभ्या असलेल्या राजनंदिनीकडं गेली आणि तो एकदम खाली मान घालून चाक पुसू लागला.

नवा बंगला शेतावर बांधला जात होता. तोही सुंदररावांचाच. वाटेत ऋतुजा म्हणाली, "तू नको येऊ. आमी बघून येतो." राजनंदिनी तरीही पुढं चालत राहिली. तिला अजून वाटत होतं, की काहीतरी गफलत असेल. ज्या आबांनी बोट धरून बारवेच्या पायऱ्या उतरायला शिकवलं, ते असं करतील कशाला?

बंगल्यामागं कशावर तरी निळी ताडपत्री टाकलेली होती. अंगदनं तिचं टोक उचललं. देवळ्यांमधल्या मूर्ती ओळीनं निजवलेल्या होत्या, शेजारी वीरगळ.

राजनंदिनी गुडघ्यांवर बसली. वीरगळ म्हणजे गावासाठी लढताना मेलेल्या माणसाचा दगड. खालच्या चौकटीत त्याची लढाई, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत तो महादेवाची पूजा करतोय. आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतोवर याचं नाव राहील. आता चंद्र-सूर्यांच्या मधोमध यंत्रानं पाडलेलं गोल भोक होतं. भोकातून नळाचं तोंड बाहेर आलेलं.

"कारंजं करायलेत," अंगद पुटपुटला.

ऋतुजानं मैत्रिणीच्या खांद्यावर हात ठेवला. राजनंदिनीनं तो झटकला, मग स्वतःच पुन्हा धरला.

"उद्या पुरातत्त्व खात्याच्या वनमाला मॅडम पाहणीला येणार आहेत," ती म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "त्यांना नुसतं सांगितलं, तर रातोरात दगड हलतील. त्यांना इथंच आणायचं. सगळ्या गावासकट."

"आन् तुजे आबा?"

राजनंदिनीनं ताडपत्रीचं टोक ओढून पुन्हा होतं तसं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारवेवर हार-नारळ होते. सुंदरराव मॅडमना सांगत होते, "काय करावं, कुंपणच शेत खायला निघालं." शिवशंकर मान हलवत होता. तेवढ्यात राजनंदिनी पुढं झाली. नवं परकर-पोलकं, तोंडभर हसू.

"मॅडम, फराळ आमच्या नव्या बंगल्यावर ठेवलाय. आबांनी सगळ्या गावाला बोलावलंय!"

सुंदररावांचा चेहरा क्षणभर कोरा झाला. पण भोवती सारं गाव उभं होतं आणि निवडणूक तोंडावर आलेली. "हो, हो, म्हणजे... चला की," ते म्हणाले. शिवशंकरनं मोबाइल काढला, तोवर अंगद पोरांची पलटण घेऊन बांधावरून सुसाट पुढं गेला होता.

माणसं पोचली तेव्हा ताडपत्री बाजूला पडली होती आणि दगडांभोवती पोरं कडं करून बसली होती.

शिवशंकर मागं सरकू लागला. तेव्हा सुंदररावांनी घसा साफ केला. "अंदाज होताच मला," ते शांतपणे म्हणाले. "दगड चोरीला जातील म्हणून इथं सुरक्षित ठेवले. मॅडमच्या हातात द्यायचे होते. आमच्या पोरीनं आधीच आणलं तुम्हाला."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

वनमाला मॅडम टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांनी वीरगळाच्या माथ्यावर हात फिरवला. "आणि हे भोक? हेही सुरक्षेसाठी?"

सुंदररावांनी शिवशंकरकडं पाहिलं. शिवशंकरनं जमिनीकडं. गुन्हा नोंदवला गेला तो शिवशंकरवर. मूर्ती बारवेत परत गेल्या. वीरगळही पुन्हा काठावर उभा राहिला, पण त्याचं भोक कसं बुजवायचं ते मॅडमनाही सांगता येईना.

दगड सापडले त्याच संध्याकाळी त्रिंबक सुटला. घरी येऊन तो बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिला. राखणीला ये म्हणून सुंदररावांनी निरोप धाडला, तर तो म्हणाला, "नको. उद्या एखादी चिमणी उडाली तरी मलाच पुसतील." तो आणि सावित्रीकाकू, दोघांनी मिळून ऊसतोडीला जायचं ठरवलं. घरात मागं कुणी राहणार नव्हतं. म्हणजे पोरंही निघाली.

ट्रॅक्टरवर बोचकी चढली. राजनंदिनी धावत आली. "ऋतुजा, मी आबांना सांगते. तुम्ही आमच्या घरी राहा."

"तुज्या घरी?" ऋतुजानं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "काका पाठवंल का आता? राहू दे. तू लई केलंस आमच्यासाठी."

अंगदनं हात हलवला. ट्रॅक्टर वळणाआड गेला.

चार दिवसांनी मारुतीच्या पारावर राजनंदिनीचा सत्कार झाला. मुख्याध्यापक रामहरी सर कौतुकानं बोलले, "अशी मुलं म्हणजे गावाची दौलत!" मग त्यांनी विचारलं, "तुझ्याबरोबर आणखी कोण होतं?"

"ऋतुजा आणि अंगद. ते फडावर गेलेत."

लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. सुंदररावांनी स्वतःच्या हातानं लेकीच्या खांद्यावर शाल घातली आणि वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "घरात सांगायचं होतंस, बाळा."

राजनंदिनीनं मान वर केली.

"त्रिंबककाकांना चौकीत बसवलं, तेव्हा तुम्हीही घरातच होता की, आबा. तुम्ही कुठं काही सांगितलंत?"

सुंदररावांचा हात शालीवरून खाली आला. कुणीतरी फोटोसाठी हाक मारली. ते कॅमेऱ्याकडं वळले. ती वळली नाही.