वगळलेली कुजबुज

वहिनीचा फोन आला तेव्हा मुक्ता आठल्ये कचेरीत गार झालेला चहा समोर ठेवून नुसतीच बसली होती.

"आबा न्हाणीघरात पडले होते. मी बाजारातून आले तेव्हा दिसले. हाड मोडलं नाही, पण एवढा वेळ गार फरशीवर! ‘हाक’ला बोलावत होते म्हणे. तुझी ‘हाक’ ढिम्म!"

‘हाक’ मुक्तानेच लिहिली होती. घरात कुणी मदत मागितली की दूरच्या यंत्रावर एक चिमुकला प्रोग्रॅम जागा होई, शब्द ओळखून माणूस धाडी आणि विझून जाई. त्याला लागणारे तयार कोडचे भाग, म्हणजे त्याचे साथीदार, एका गाठोड्यात सोबत द्यावे लागत. पूर्वी ते गाठोडं मुक्ता स्वतः बांधायची. हल्ली ‘बांधणीकार’ नावाची प्रणाली बांधे. चाचणीत जो भाग वापरला गेला तो आत, उरलेला बाहेर. गाठोडं हलकं, म्हणजे जाग लवकर.

तिने ते उघडून पाहिलं. कुजबुज ओळखणारा भाग गायब होता. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर आबा, एकेकाळचे कीर्तनकार अच्युतबुवा, नुसत्या श्वासाने बोलत. तो भाग तिने त्यांच्याचसाठी घातला होता. चाचणीच्या हाका मात्र कचेरीतल्या धडधाकट गळ्यांनी दिल्या होत्या. तिच्याही.

तिने तो परत घातला. पुढच्या बांधणीत बांधणीकाराने पुन्हा काढला. शेरा एवढाच: चाचणीत वापर नाही.

संध्याकाळी ती माहेरी पोचली. आबा पलंगावर पडून होते.

"आबा, यात हाक मारा. चाचणीत तुमचा आवाज गेला की तो भाग टिकेल."

"निरूपण चालू असताना तबलजी गप्प बसतो," आबा कुजबुजले, "म्हणून त्याला उठवून घरी धाडता होय गं तुम्ही?"

"यंत्राला कीर्तन कळत नाही, आबा."

"तुला तर कळतं."

मुक्ताने मान खाली घालून माइक त्यांच्या ओठांजवळ नेला. आबांनी हाक मारली. बांधणी झाली आणि या खेपेला तो भाग आत राहिला. तिला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिने कागद ओढून यादी करायला घेतली.

"आता तोतरे राहिले. बोळक्या तोंडाचे. रडणारी पोरं. एकेकाला गाठायचं."

आबांनी गोधडी गळ्यापर्यंत ओढली.

"आणि ज्यांना हाक मारायचीच लाज वाटते, त्यांची चाचणी कोण देणार गं?"