सहा हजार किलोमीटरचा टायर

केरबा मेला ही बातमी त्याच्याच मालकाच्या बुलेटवर बसून लातुरात आली.

आणणारा नरसिंग, केरबाचा धाकटा भाऊ. त्यानं गंजगोलाईतल्या माणिकप्पांच्या टायरच्या दुकानापुढं गाडी स्टँडला लावली, डोक्याचा रुमाल सोडला आणि पायरीवर बसलेल्या भावजयीकडे न बघताच म्हणाला, "वयनी, दादा गेला. बेंगलोरात."

रुक्मिणबाई उठली नाही. दर बाजारच्या दिवशी औशाजवळच्या खेड्यातून ती यायची, याच पायरीवर बसायची आणि एवढंच विचारायची, काही कळलं का? आज कळलं होतं.

"अंगावर काय व्हतं त्यांच्या?" ती म्हणाली.

"म्हनजे?"

"कापडं कोनती व्हती?"

"दवाखान्यातली, वयनी. पांढरी."

रुक्मिणबाईनं मान हलवली. केरबानं उभ्या जन्मात पांढरं घातलं नव्हतं. टायरवाल्याच्या दुकानात पांढरं कोण घालतं?

केरबा इथं टायर बसवायचा. गेल्या पावसाळ्यात, म्हणजे जो आलाच नाही त्या पावसाळ्यात, एका सकाळी तो कामावर आला नाही आणि घरीही नव्हता. लातूर जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, नव्या पाट्या लागल्या. पाणी तेवढं आलं नव्हतं. त्या साली माणसं अशीच जात होती, पुण्याला, हैदराबादला, कुठंही. शोधणार कोण कुणाला? शेवटी माणिकप्पांनीच आपल्या बुलेटला पुढं-मागं कोरे टायर चढवले आणि नरसिंगला म्हणाले, जा, भावाला घेऊन ये.

आता गाडी परत आली होती. भाऊ नव्हता.

आत टायरच्या ढिगावर बसून दानम्मा भूगोल वाचत होती. माणिकप्पांची थोरली, नुकतीच दहावीत गेलेली. गेल्या दिवाळीपर्यंत ही पोरगी गिऱ्हाईक आलं की ढिगामागं लपायची. मग एक कंत्राटदार टायर घेऊन भांडायला आला. नवा टायर इतक्यात झिजलाच कसा, बदलून द्या म्हणून. अप्पा जेवायला गेलेले. दानम्मानं टायर फिरवून बघितला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "दोन्ही कडा गेल्यात, मधलं तसंच आहे. हवा कमी ठेवून पळवलात तुम्ही." कंत्राटदार गप निघून गेला. त्या दिवसापासून दानम्मा गप बसली नव्हती.

तिनं पुस्तक मिटलं.

"नरसिंगकाका, कुठून कुठून गेलात?"

"सोलापूर, विजापूर, हुबळी, बेंगलोर. तिथं घावला न्हाई म्हनून मद्रास, मदुरा. मग परत बेंगलोर. तवा दवाखान्यात कळलं."

"किती किलोमीटर झाले?"

"सहा हजार तरी झाले आसतील. मीटर तर तुमच्याकडंच बंद पडल्यालं."

"पंक्चर?"

"एकबी न्हाई. देवाची किरपा."

"टायर बदलावा लागला का कुठं?"

"कोरा टायर कशाला बदलू? तुज्या बापानं स्वतःच्या हातानं दिल्याला."

"आणि केरबाकाकांच्या अस्थी?"

नरसिंगनं डोळे पुसले. "येताना नांदेडला गंगेत सोडल्या. आपल्याकडं गंगा म्हनजे गोदावरीच की."

"दाने," माणिकप्पा घसा साफ करत म्हणाले, "मयताच्या माणसाला असं इचारत्यात व्हय? गप बस."

दानम्मा गप बसली. सोपं नव्हतं, पण बसली.

नरसिंग जाता जाता म्हणाला, "दहावा गावात करू, आप्पा. तो झाला की वयनीला आन् पोरीला मुरुडला पोचवतो, तिच्या बापाकडं. घर, शेत मी बघतो."

"माजा बाप सोताच दुसऱ्याच्या वसरीवर निजतो," रुक्मिणबाई म्हणाली. ती पदर सावरून उठली आणि दिराच्या मागं एसटी स्टँडकडे चालू लागली.

दोघं दिसेनासे झाल्यावर दानम्मानं कंपासपेटीतली पट्टी काढली आणि बुलेटपाशी उकिडवी बसली.

"आता काय करायलीस?" माणिकप्पा म्हणाले.

"अप्पा, मागचा टायर किती चालतो?"

"चालवणाऱ्यावर हाय. लांबच्या पल्ल्याला, सामान लादून, दहा-बारा हजार. उन्हाळ्यात डांबर तापलं की त्याच्याहून कमी. पुढचा दीडपट टिकतो."

"आणि सरळ रस्त्यानं लांब गेला तर कुठून झिजतो?"

"मधनं. भाकरीवानी सपाट होतो. तुला कळतं ते मला काय इचारतीस?"

"मग या आणि हात लावून बघा."

माणिकप्पांनी नाक मुरडलं, पण आले. मागच्या टायरवर तळहात फिरवला आणि हात तिथंच थांबला. टायर मधून गोल होता, घागरीच्या पोटासारखा. दानम्मानं खाचेत काडेपेटीतली काडी उभी धरली, वर नखानं खूण केली, आत जाऊन तीच काडी कोऱ्या टायरच्या खाचेत धरली. दोन्ही खुणांत नखाएवढासुद्धा फरक नव्हता. कडांवर कारखान्यातून येतात ते रबराचे बारीक केस अजून उभे होते.

"मधे कुठंतरी नवा घातला आसंल," माणिकप्पा म्हणाले. "खोटं सांगितलं आसंल. पैशाला लाजून."

दानम्मानं टायरच्या अंगावर बोट ठेवलं. त्यांच्या दुकानाचा डाग. कुणी टायर बदलून भांडायला येऊ नये म्हणून माणिकप्पा विकलेल्या प्रत्येक टायरवर तापल्या लोखंडानं छोटं शिवलिंग डागायचे. ते तिथं होतं.

खाचांमध्ये काहीतरी राखाडी बसलं होतं. तिनं पट्टीच्या टोकानं खरवडलं. माती असती तर भुगा झाला असता. याचा खडा निघाला, कडक. ती तो बोटात फिरवत राहिली. मग म्हणाली, "अप्पा, उद्या नांदेडला जाऊ."

"शाळा?"

"शाळा पळून जात नाही."

"तिथं काय हाय?"

"काय नाही निघालं तर मी बारावीपर्यंत तोंड उघडणार नाही."

या सौद्यावर माणिकप्पा तयार झाले. सकाळच्या एसटीनं बापलेक गेली आणि दिवस मावळायला परतली. जाताना दानम्मा अहमदपूरपर्यंत बडबडत होती. येताना ती खिडकीबाहेर बघत होती आणि माणिकप्पांनी लातूर येईपर्यंत तोंडात पाणीसुद्धा घेतलं नाही. घरी आल्यावर ते इतकंच म्हणाले, "आपण सांगू नये, दाने. ऱ्हाऊ दे."

"मग काकूंना मुरुडला धाडतील."

माणिकप्पांनी कपाळाला विभूती लावली आणि ते पूजेला बसले. उठले तेव्हा म्हणाले, "बरं."

दहावा ओढ्यात होता. ओढ्यात म्हणजे ओढ्याच्या जागेत; पाणी आटून वर्ष झालं होतं. वाळूत पिंड ठेवला. नरसिंगनं डोकं भादरून घेतलं होतं. रुक्मिणबाईचे हात बांगड्यांविना मोकळे होते, तिची लहान पोरगी मांडीला चिकटून बसलेली. कावळा लगेच शिवला. दुष्काळात कावळेही फार वेळ मान घेत नाहीत.

"गेला बिचारा, काय इच्छा ऱ्हाईली न्हवती," शेजारची विठाबाई म्हणाली.

"इच्छा कशाला राहील?" दानम्मा उभी राहिली. "ते जेवून-खाऊन ठीक आहेत."

माणसं वळली. नरसिंग हसल्यासारखं करत म्हणाला, "आप्पा, पोरीला आवरा."

"बोलू दे तिला," माणिकप्पा म्हणाले.

"काका, तुम्ही बेंगलोरला गेलाच नाहीत. मद्रास तर दूरच."

"तू व्हतीस व्हय संगट?"

"मी नव्हते. टायर होता." ती दोन पावलं पुढं आली. "सहा हजार किलोमीटर, तेही एप्रिल-मेच्या डांबरावर. मागचा टायर निम्मा संपायला पाहिजे आणि मधून सपाट व्हायला पाहिजे. तो अजून गोल आहे. कडेचे केस शाबूत आहेत. सहा हजाराचं निम्मं धरा, त्याचंही निम्मं धरा, तरी बसत नाही. गाडी चारेकशे चालली असेल, फार तर. टायर तोच आहे, आमचा डाग आहे त्याच्यावर, आणि तुम्ही स्वतःच म्हणालात की बदलला नाही."

"लातुरातली शानी," कुणीतरी मागं पुटपुटलं.

"मग गेलात कुठं? तेही तुम्हीच सांगितलंत. येताना अस्थी नांदेडला सोडल्या म्हणे. बेंगलोरहून घरी येणारा माणूस कृष्णा ओलांडतो, भीमा ओलांडतो, सोलापूर-औसा करत आपल्या दारात पोचतो. नांदेड दाराच्या पुढं, उलट्या दिशेला आहे. पण आपल्याकडं अस्थी म्हटलं की गंगा आणि गंगा म्हटलं की नांदेड, म्हणून कुणाला खटकलं नाही. मलाही नाही. तुमच्या तोंडात नांदेड आलं, कारण तुम्ही तिथूनच येत होता."

नरसिंग आता हसत नव्हता.

"एकच कोडं होतं. नांदेडात कुठं? टायरच्या खाचेत सिमेंट होतं, पाण्यात कालवून वाळलेलं. दुष्काळात सिमेंट कालवायला पाणी कुठं आहे, इतकं पाणी, की गाडी त्या चिखलातून रोज जावी? विष्णुपुरीला. गोदावरीवर धरण बांधतायत तिथं. बातमी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही गेलो. दुपारची सुट्टी झाली, माणसं झाडाखाली जेवायला बसली, आणि त्यात..." ती थांबली. हे तिनं घरी तीनदा म्हणून बघितलं होतं, तरी इथं येऊन थांबली. "त्यात केरबाकाका होते."

रुक्मिणबाईनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

"जित्ते?"

"हो, काकू."

"कापडं कोनती व्हती?"

"निळा शर्ट."

रुक्मिणबाईचा चेहरा उजळला. दानम्माला पुढं कितीतरी दिवस तो क्षण आठवत राहिला, कारण तो फार टिकला नाही.

"मग संगट का न्हाई आनलं? काय म्हनले?"

दानम्माकडं सगळ्याची उत्तरं होती. याचंही होतं, पण ते तिला बोलता येईना. तिनं बापाकडं बघितलं.

माणिकप्पा वाळूकडं बघत बोलले. "मी हात धरला त्याचा. म्हणाला, आप्पा, तिथं काय हाय? मला मेलेलाच ऱ्हाऊ द्या. मी मेलो म्हणून सांगायचं, तेवढ्याचसाठी शेत नरसिंगला दिलंय. तिथं त्याचं... दुसरं घर हाय, रुक्मिणबाई. त्या बाईनंच आम्हांला पाणी दिलं."

"आता कळलं का सगळ्यास्नी?" नरसिंग एकदम बोलला. "शेतासाठी केलं, व्हय, केलं. पन मेला म्हनलं तर तुमी सगळे हिच्यासाठी रडलाव. पळाला म्हनलो असतो तर हसला असता. मी पाच आठवडे त्याच्या पाया पडून ऱ्हायलो तिथं. आला न्हाई. मग म्हनलं, द्या शेत."

"आणि काकूला मुरुडला धाडणार होतात," दानम्मा म्हणाली.

"आता न्हाई धाडत. ऱ्हाऊ दे की तिला. शेत अजून कागदावर दादाच्याच नावावर, घर दादाचं." त्यानं भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला. "झालं तुझं समाधान?"

दानम्मानं मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाच कळलं नाही. रुक्मिणबाई तिच्याकडं बघत होती. तिच्या बघण्यात राग नव्हता.

"तू खरं शोधलंस, बाय," ती म्हणाली. "पन आता मी कुनासाठी रडू?"

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. टँकर. पिंडाभोवतीची माणसं क्षणात उठली, पायातल्या चपला हातात घेऊन धावत सुटली. ओढ्यात मागं राहिले ते नरसिंग, बापलेक आणि पोरीचं बोट धरलेली रुक्मिणबाई. मग तीही निघाली. पाणी तर लागणारच होतं.

टँकरपाशी घागरींची रांग लागली होती. सगळ्यांत पुढं एक पितळी घागर. सुतकाच्या घराला रांग नसते, ही या गावची रीत. मयत झालेल्या घरची घागर आधी भरून द्यायची, मग बाकीच्यांनी भांडायचं. बातमी आल्यापासून रोज कुणी ना कुणी रुक्मिणबाईची घागर आणून पुढं ठेवत होतं. आजही ठेवली होती.

विठाबाईनं ती उचलली.

"आता कसलं सुतक, रुक्मिणे? नवरा जित्ता हाय तुजा. लायनीत ये." बोलणं कडू नव्हतं. तिच्याही घरी चार लेकरं होती.

"विठाकाकू, एक दिवस तरी," दानम्मा म्हणाली.

"तू भरतीस का मग माज्या घरचं?"

दानम्मा वाटेतून बाजूला झाली.

रुक्मिणबाईनं घागर घेतली आणि रांगेच्या कडेकडेनं मागं गेली. बायका जरा सरकून तिला वाट देत होत्या, मागं जायला. शेवटी तिनं घागर टेकवली. पुढं पाइपावरून ओरडाआरडा सुरू झाला. टँकरवाल्यानं टाकीवर थाप मारून बघितली. आवाज पोकळ आला. रुक्मिणबाईच्या पुढं अजून सतरा घागरी होत्या.