तोंड पाहायचं राहिलं

नागसेनची सॅम्पलची बॅग अमरावतीला किसनरावांच्या दुकानात परत द्यायची, एवढंच काम घेऊन अश्विन चांदूर रेल्वेहून निघाला होता. नागसेन त्याचा थोरला भाऊ. किसनरावांकडून डोकेदुखीचा बाम घेऊन गावोगाव विकत फिरायचा. गेल्या आठवड्यात अकोल्याच्या एका लॉजमध्ये उष्माघातानं गेला. अश्विन तेव्हा सुरतेला लूमवर होता. तो घरी पोचला तोवर राख गार झाली होती. अशा उन्हात मयत ठेवत नाहीत. सगळ्यांनी दादाचं तोंड पाहिलं, त्याचंच राहिलं.

ही शहरं त्याला दादाच्या फोनमधूनच ठाऊक होती. अमरावतीचा दुकानदार म्हणे आधी भांडतो, मग पाणी पाजतो. अकोल्यात पाणी आधी, कारण बोलायला तोंडात ओलच उरत नाही. दादा हे सांगून स्वतःच हसायचा.

किसनराव गल्ल्यावर बसले होते. त्यांचं कपाळ ओलसर चमकत होतं.

"बॅग कायची आनली बे? नागसेन तं आत्ताच गेला. माह्या कपायाले बाम चोपडून गेला. पाय, अजून गार लागून राह्यलं."

"कोन... गेला?"

"तुहा भाऊ! तोंडाले दुपट्टा, डोयावर काळा चष्मा. म्हटलं, सोड थे तोंडाचं गाठोडं, पंख्याखाली बस. तं म्हने, अकोल्याले जाचं हाये."

दादा वारला, हे सांगायला अश्विननं तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं. बॅग उराशी धरून तो धावतच सुटला आणि दिसेल त्या अकोल्याच्या एसटीत चढला.

मूर्तिजापूरच्या स्टँडवर त्याची गाडी आत शिरत होती आणि अकोल्याचीच दुसरी बाहेर पडत होती. त्या गाडीच्या खिडकीत एक माणूस बसला होता. तोंड दुपट्ट्यात गच्च गुंडाळलेलं, अंगात दादाचा चौकटीचा शर्ट. अश्विननं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून हाक मारली. माणसानं मान वळवली नाही. फक्त हात वर केला, पंजा सरळ. पुढं येऊ नको, असं सांगावं तसा.

अकोल्यात रस्ते ओस पडले होते. शटरं अर्ध्यावर ओढलेली. डांबर चपलेला धरून ठेवत होतं, सुटताना चर्र आवाज करत होतं. एवढ्या मोठ्या बाजारात तेवढाच आवाज. दादा ज्या नत्थुजींचं नाव घ्यायचा, त्यांचं औषधांचं दुकान विचारत विचारत तो पोचला.

"नागसेन आत गोडाउनात बसला हाये," बॅग ओळखून नत्थुजी म्हणाले. "पानी देल्लं तं पेला नाही. दुपट्टाच सोडत नाही. नव्या नवरीवानी लाजून राह्यला का, इचार बरं त्याले!"

आत कूलर घरघरत होता. ओल्या वाळ्याचा वास, आणि त्या वासाखाली काहीतरी जळकं. खोक्यांच्या अंधारात तो भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"दादा..."

"आला का, बारक्या?"

आवाज तोच. बारक्या म्हणणारा जगात एकच माणूस होता.

"घरी चाल ना रे. माय जेवत नाही."

"तू जाय."

"मंग एकडाव तोंड दाखव. मी पाह्यलंच नाही तुले. सायांनी पाह्यलं, माहंच राह्यलं..."

त्यानं दुपट्टा आणखी आवळला.

"नोको पाहू, बारक्या. थे... माह्यापाशी नाही आता."

अश्विननं झेप घेतली आणि दुपट्टा ओढला. चष्मा फरशीवर पडला.

तिथं तोंड होतं. चांगलं धडधाकट, जिवंत माणसाचं. पण ते दादाचं नव्हतं. घाऱ्या डोळ्यांचा, भिवईत उभी चीर असलेला कुणी परका माणूस दादाच्या आवाजात रडत होता.

अश्विन घरी कसा आला, त्याला सांगता येईना. माय, मनकर्णा, चुलीपाशी बसली होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. ती चुलीत काड्या सारत ऐकत होती. घाऱ्या डोळ्यांपाशी मात्र तिचा हात थांबला.

"भिवईत चीर... डाव्या?"

"हो. तुले कसं ठाऊक?"

"तिरडीवर थे डोये मीच मिटले," ती हळूच म्हणाली. "घारेच होते. म्या म्हटलं सायांना, हे माहं लेकरू नाही. तं म्हने, बाई, उन्हानं माणसाचं तोंड बदलते."

मग मायनं त्याचं मनगट धरलं, हाडात रुतेल असं.

"आवाज तं त्याचाच होता ना रे?"

अश्विननं होकारार्थी मान हलवली.

"मंग येऊ दे त्याले," म्हणत ती उठली आणि जाऊन दाराची कडी काढून आली.