मागच्या सीटवरचं वजन

पटलं तर पटलं, पण यात मी पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. माझ्या मोठ्या काकांच्या गॅरेजात, रविवारी दुपारी तीन वाजता, लख्ख उजेडात हे घडलं.

काका एका जुन्या जीपला मागचे नवे पाटे, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या पोलादी स्प्रिंगा, बसवत होते. डोंगरात फिरायला त्यांच्या मुलीने ती हौसेने घेतलेली.

मुलगी अकरा दिवसांच्या तापाने गेली. त्याला दोनच महिने झाले होते.

पाट्यांचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी हवी आणि मागे वजन हवं. नाहीतर आतले रबरी बुश पिळवटून फाटतात. हे वजन म्हणजे कायम ही मुलगी. "गोणी, बस मागे," काका चिडवायचे. ते "उतर" म्हणेपर्यंत ती जागची हलायची नाही.

त्या दुपारी काका एकटेच गाडीखाली सरकले. सवयीने तोंडातून निघून गेलं, "गोणी, बस मागे."

आणि...

पाटे करकरले.

गाडीची मागची बाजू दोन बोटं खाली बसली.

काकांनी बाहेर येऊन पाहिलं. सीट रिकामी. गॅरेजात चिटपाखरू नाही.

ते घाबरले नाहीत. परत खाली जाऊन, डोळे पुसत, मुद्दाम सावकाश सगळे बोल्ट आवळले. मग पाना बाजूला ठेवून तसेच पडून राहिले. "उतर" म्हणायला जीभ रेटेना.

तासाभराने काकू बोलवायला आल्या. त्यांनी खाली बसलेले पाटे पाहिले, रिकामी सीट पाहिली. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

"किती वेळ बसवून ठेवणार आहात तिला?"

"बसू दे गं थोडं."

"अहो, दमलीय ती."

काकांनी पाना पुन्हा हातात घेतला.

काकूंनी सीटवर हात ठेवला. "उतर बाळा. झालं काम."

क्षणभर काहीच नाही...

मग पाटे पुन्हा करकरले. गाडी हळूच वर आली.

दोन वर्षं झाली. काका काकूंशी कामापुरतंच बोलतात. काकू म्हणतात, "कोणीतरी म्हणायलाच हवं होतं." आणि रडतात.

दर रविवारी काका ते बोल्ट सैल करतात, खाली सरकतात आणि हाक मारतात. परवा मी दारातच उभा होतो.

पाटे हलले नाहीत.

त्यांनी पुन्हा हाक मारली. या वेळी अगदी हळू...

वाटलं, गुपचूप जाऊन आपणच मागे बसावं. त्यांना तेवढंच बरं वाटेल.

पण माझा पाय उचलेना. ती आधीच येऊन बसलेली असेल, तर पाटे हलतील कशाला? ती सीट खरंच रिकामी आहे का, हे मी कोणाला विचारू?