खुर्दादचं साल

एप्रिलात सत्र संपायला आलं की विद्यार्थ्यांना ना भुकेची शुद्ध राहते ना झोपेची. कालिंदी तर एका तळटीपेचा पान क्रमांक लिहायलाच विसरली होती. लघुप्रबंध उद्या पाचच्या आत विभागात द्यायचा होता. वेळेत गेला तर जूनपासून कॉलेजात नोकरी, नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाची. औरंगपुऱ्यातला टंकलेखक बद्रीनाथ शेवटच्या पानांसाठी खोळंबून बसला होता, म्हणून ती भर दुपारी दफ्तरखान्यात आली.

तिचा विषय होता, निजामाच्या काळात एका गावात हैज्यानं, म्हणजे पटकीनं गेलेली माणसं. पोलीस ॲक्शनला चाळीस वर्षं उलटली, तरी तेव्हाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या लाल रुमालांत तशाच बांधलेल्या होत्या. त्यांतलं साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेचं, आणि महिने आजुर, बहमन, खुर्दाद असे. कालिंदीनं सरळ हिशेब धरला होता. फसली सालात पाचशे नव्वद मिळवले की झाला इसवी सन.

"बाई, मी भाकर खाऊन येतो," म्हातारा शिपाई सांडू म्हणाला. "बाहेरून कुलूप लावतो. साहेबाचा हुकूम हाय."

कुलूप लागलं. थोड्याच वेळात वीज गेली, पंखा फिरत फिरत थांबला. झरोक्यातून येणारा उजेड जेमतेम टेबलापर्यंत पोचत होता, त्यापलीकडं फडताळांच्या रांगा अंधारात गेल्या होत्या. तिकडून गोवऱ्यांच्या धुराचा वास येऊ लागला. मग पान उलटल्याचा आवाज… आणि कुणीतरी खाकरलं.

"सांडूमामा?"

"खुर्दाद म्हंजी कंचा महिना, बाई?"

आवाज म्हाताऱ्याचा नव्हता. उजेडाच्या कडेला धोतराचा सोगा आणि दोन अनवाणी पावलं दिसत होती, त्यावर काही दिसत नव्हतं.

"एप्रिल…" ती कशीबशी म्हणाली.

"आन् तेराशे चोपन्नचा खुर्दाद?"

"एकोणीसशे… चव्वेचाळीस."



"चव्वेचाळीसला मी जित्ता व्हतो, बाई. बहमनात लेक झाली मला. तुमी लिवलं, बाप मेल्यावर जल्मली. चार महिने मांडीवर खेळवलीया मी तिला…"

तिनं वही झरोक्याखाली ओढली. पुंजाराम, खुर्दाद १३५४, हैजा. चार पानं मागं, बहमन १३५४, पुंजारामास मुलगी. तिच्या लक्षात आलं. फसली साल आजुरात, म्हणजे ऑक्टोबरात बदलतं. बहमन म्हणजे डिसेंबर, तिथवर पाचशे नव्वद बरोबर. जानेवारीपासून मात्र पाचशे एक्क्याण्णव. तिनं अर्ध्या गावाला एक वर्ष आधीच मारलं होतं.

"चुकले मी," ती म्हणाली. "आजच दुरुस्त करते."

"लई बरं झालं," आवाज आला. धुराचा वास हळूहळू विरला, आणि सांडूनं कुलूप काढलं तेव्हा कालिंदी रडत होती.

बद्रीनाथ आधी चिडला, मग रात्रभर टंकयंत्रावर बसला. दुसऱ्या दिवशी प्रबंध पावणेपाचला विभागात पोचला. जूनमध्ये नोकरी लागली, आणि तिनं पहिलं काय केलं असेल, तर दिवाळीच्या सुटीत बाकीच्या गावांच्या वह्या तपासायची परवानगी मागितली.

सुटीच्या पहिल्या दिवशी सांडूनं दफ्तरखान्याचं दार उघडलं आणि तो उंबऱ्यातच थबकला.

"मी सकाळीच झाडलं व्हतं, बाई…"

फरशीवर धुळीत अनवाणी पावलं उमटली होती. शेवटच्या फडताळापासून थेट टेबलापर्यंत, एकामागं एक, रांगेत. बायकांची, पुरुषांची, काही अगदी चिमुकली. सगळ्यांचे अंगठे टेबलाकडं होते.

कालिंदीनं पदर खोचला, पावलं न पुसता भिंतीच्या कडेनं जाऊन खुर्चीवर बसली आणि पेनाचं टोपण काढलं.

"या," ती हळूच म्हणाली. "कंचं गाव?"

समोरच्या वहीच्या रुमालाची गाठ आपोआप सैल होऊ लागली.