कुटुंबप्रमुख

तेव्हा माझं ऑफिस राजारामपुरीत होतं, शिलाई मशीनच्या दुकानाच्या वरच्या खोलीत. ऑफिस म्हणजे काय, दोन कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर आणि मी. वेबसाइट बनवणारी बाई त्या काळी कोल्हापुरात लोकांच्या पचनी पडत नसे. जिना चढून यायचे, खोलीभर नजर फिरवायचे आणि विचारायचे, "साहेब कुठं गेलेत?" मी म्हणायची, "साहेब मीच, क्रांती. टेका." ऑर्कुटचे दिवस होते ते. भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. पण तुम्ही विषय काढलाच आहे, तर सांगते.

चनबसाप्पा गडहिंग्लजहून एसटीनं आले, ते कापडी पिशवीत गुळाची ढेप घेऊनच. गुळाचे व्यापारी. त्यांना सगळे आप्पा म्हणत, मीही म्हणू लागले. बरोबर त्यांची सून होती, सुष्मिता. तिशीही गाठली नसेल. कपाळावर विभूतीची पुसट रेघ, आणि बोलणं एवढं कमी की खोलीत आहे की नाही ते पुन्हा वळून बघावं लागे.

"एका घराला तीन कुलपं कशाला गं पोरी?" आप्पांनी बसता बसताच मला विचारलं.

त्यांचं म्हणणं असं. त्यांच्या समाजाची एक वेबसाइट होती. तिच्यात तीन दालनं. एक गप्पांचा फोरम, त्याला 'कट्टा' म्हणत. दुसरं गुळाचे भाव सांगणारं. तिसरं वधूवर मंडळ. तिन्हींना वेगवेगळं नाव, वेगळा पासवर्ड. लोक एक लक्षात ठेवायचे आणि दोन विसरायचे, मग नेमके जेवायच्या वेळेला आप्पांना फोन करायचे. आप्पांना एकच लॉगिन हवं होतं. एकदा आत आलं की घरभर हिंडता यावं.

"होईल की," मी म्हटलं. "बनवली कुणी ही?"

"आमच्या वीरेशनं."

वीरेश त्यांचा एकुलता एक मुलगा. दोन वर्षांपूर्वी तिन्हीसांजेला मोटारसायकलवरून घरी येताना, दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. आप्पांनी एवढं सांगितलं आणि गुळाचा खडा फोडून माझ्या हातावर ठेवला.

"ही सुष्मिता. हिला शिकवा, पुढं हीच बघंल सगळं. आणि हिचं स्थळबी घातलंय मी त्यात. पोरीचं वय काय हाय? मी काय जन्माला पुरणार हाय व्हय हिला?"

सुनेसमोर, परक्या बाईच्या ऑफिसात, सासरा हे बोलत होता. मला तो माणूस त्या क्षणी फार आवडला.

सुष्मिता खिडकीकडे बघत हळूच म्हणाली, "मामंजींना सांगितलंय मी. त्यांनी हो म्हटल्याबिगर मी कुणाकडं बघणार न्हाय."

"त्यांनी म्हणजे?"

"ह्यांनी. वीरेशनी."

आप्पांनी माझ्याकडे बघून हात पसरले. "हे असं हाय बघा. आता त्याला कुठनं विचारून आणू?"

काम घेतलं. तीन दालनं जोडायची म्हणजे तिन्हींतली माणसं जुळवायची. इथला अमुक तोच तिथला अमुक, हे ओळखायला सगळ्यात सोपी खूण ईमेलची. मी तपासायला बसले आणि डोक्याला हात लावला. सख्ख्या भावाभावांचा ईमेल एकच. नवराबायकोचा एकच. एका गावात तर आजोबा, नातू आणि नातसून, सगळे एका ईमेलवर. घराला एकच ईमेल कसा, म्हणून आप्पांना फोन लावला.

"मग घराला किती असत्यात?" आप्पा चकित झाले. "आमच्यात एकच हाय, वीरेशनं काढल्याली. रेशनकार्ड कसं, घराला एक असतंय."

मग मीही त्यांच्याच रीतीनं गेले. ज्यानं तो ईमेल पहिल्यांदा वापरला तो कुटुंबप्रमुख, बाकीचे त्याच्या कार्डावर. हे बसलंही छान, कारण वधूवर मंडळात वीरेशनं एक रिवाज घालून ठेवला होता. मुलीचा फोन नंबर कुणालाही दिसत नसे. ज्याला स्थळ पसंत, त्यानं विनंती पाठवायची. घरच्या प्रमुखानं 'मान्य' दाबलं तरच नंबर उघडायचा.

फक्त आप्पांच्या घराचा प्रमुख वीरेश निघाला.

"तिथं तुमचं नाव घालते, आप्पा."

ते म्हणाले, "राहू दे. रेशनकार्डावरचं नावबी मी अजून कमी केलं न्हाय. बाप हाय मी त्याचा."

राहू दिलं. तसंही वीरेशचं खातं कुणी उघडू शकत नव्हतं. पासवर्ड घरात कुणालाच माहीत नव्हता, आणि मलाही तो वाचता येत नाही. तो दळून ठेवलेला असतो. पिठावरून गव्हाचा दाणा ओळखता येत नाही, तसंच ते.

सुष्मिता दर आठवड्याला यायची. पोरगी हुशार. मला 'अक्का' म्हणायची. काम संपलं की कट्ट्यावर वीरेशनं लिहिलेलं वाचत बसायची. अर्धं मराठी, अर्धं देवनागरीत लिहिलेलं कानडी, आणि चेष्टामस्करीनं ओतप्रोत. नावाशिवाय आलेल्या माणसाला फोरम 'पाहुणा' दाखवतो, वीरेशनं तिथं 'पावणं' केलं होतं. वाचता वाचता तिच्या ओठाचा कोपरा हलायचा.

जोडणी पुरी केली ती एका दुपारी. लोडशेडिंग होतं. खालच्या दुकानातली मशीनं थांबली होती, पंखा थांबला होता, इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर तेवढे चालू. उन्हासाठी पडदा ओढलेला, त्यामुळे खोलीत मातकट अंधार. बंद खोलीत गुळाचा वास दाटला होता, आणि त्यात विभूतीचा बारीक, कोरडा वास. तो सुष्मिताच्या कपाळाचा असेल, असं मी धरून चालले.

तिनं दुसऱ्या कॉम्प्युटरवर एकदाच नाव घातलं, एकदाच पासवर्ड. कट्टा उघडला, भाव उघडले, वधूवर उघडलं. ती चक्क हसली. "झालं की अक्का!"

पानाच्या तळाशी एक ओळ असायची, आत्ता कोण हजर आहे आणि कुठलं पान बघतंय ते सांगणारी. मी सहज खाली पाहिलं.

सध्या हजर: क्रांती, सुष्मिता, वीरेश.

"तू त्याच्या नावानं गेलीस का गं?"

"मला कुठं पासवर्ड ठावा हाय…"

मी आप्पांना फोन लावला. घरी कुणी कॉम्प्युटर लावलाय का?

"लाईट कुठाय? सकाळधरनं न्हाय. कॉम्प्युटरवर टॉवेल टाकलाय, धूळ बसतीया म्हणून. का हो?"

"काही नाही," म्हणून मी फोन ठेवला.

वीरेश कट्ट्यावर होता. काही लिहीत नव्हता, नुसता होता. मी पान ताजं केलं. वीरेश, गुळाचे भाव पाहत आहेत. पुन्हा ताजं केलं. अजून तिथंच. बाहेरगावाहून आलेला माणूस आपल्याच घराच्या खोल्यांतून सावकाश फिरतो ना, तसं. त्याला आजवर कट्ट्याच्या बाहेर पडता येत नव्हतं. दारं मी आजच उघडली होती.

मग ओळ बदलली. वीरेश, सुष्मिता यांचे पान पाहत आहेत.

सुष्मिताच्या नावावर बऱ्याच विनंत्या पडून होत्या, कुणीच हात न लावलेल्या. त्यातली पहिली आमच्या डोळ्यांसमोर गेली. नामंजूर. थोड्या वेळानं दुसरी. नामंजूर. घाई नव्हती कशाची. प्रत्येकाची माहिती वाचून होत होती, मग ती जात होती. कुणी बदमाश शिरलाय, सगळं बंद करावं, म्हणून मी बटणाकडे हात नेला.

सुष्मितानं माझं मनगट धरलं. तिचा हात गार होता.

"थांबा अक्का… वाचू द्या त्यांना…"

"अगं, हे कोण आहे ते तरी…"

"होगली बिडरी… राहू द्या…"

शेवटी एकच विनंती उरली. राजशेखर, गारगोटीच्या शाळेत मास्तर, पहिली बायको आजारपणात गेलेली. त्या पानावर वीरेश फार वेळ थांबला. बाहेर एक रिक्षा गेली, तिचा आवाज पार विरेपर्यंत आम्ही दोघी श्वास धरून बसलो होतो.

मान्य.

नंबर उघडला. तळाच्या ओळीतून तिसरं नाव गेलं. सुष्मितानं पदर तोंडाला लावला आणि रडली, पहिल्यांदाच मोकळेपणानं रडली असावी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार?

नंतर मी खूप शोधलं. जोडताना काही अडकलं का, जुनं काही परत फिरलं का. काही मिळालं नाही. आप्पांनी धरलं की सुनेनंच मनावर घेतलं. त्यांचा आनंद बघून आम्ही दोघींनी त्यांना तसंच धरू दिलं.

लग्नाला मी गेले होते. राजशेखर साधा, हळू बोलणारा माणूस. बायकांनी त्याला कानडीतून चिडवलं तर तो ओशाळून म्हणाला, "मला एक अक्षर येत न्हाय हो." कट्ट्यावर येत जा म्हटलं, तर म्हणाला, "गप्पा मारायचं काय मला जमत न्हाय. मार्कांच्या याद्या करतो तेवढ्यापुरता कॉम्प्युटर."

पुढं काही दिवसांनी आप्पांचा फोन आला. "आता नाव कमी करा," ते म्हणाले. "रेशनकार्डावरचंबी करून आलो. पोरगी सुखात हाय. आता त्याला अडकवून ठेवायला नगं." त्यांचा आवाज फुटला. मी वीरेशचं खातं काढून टाकलं. कट्ट्यावरच्या त्याच्या लिखाणावर त्याच्या नावाच्या जागी 'पावणं' आलं. खरं सांगते, मला वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखंही झालं.

त्यानंतर अशाच एका लोडशेडिंगच्या दुपारी सुष्मिताचा गारगोटीहून फोन आला. आवाज शांत.

"अक्का, कट्ट्यावर तुम्ही नाव घातलं व्हय?"

"कुणाचं?"

"ह्यांचं. जुन्या समद्या लिखाणावर."

मी कट्टा उघडला. 'पावणं' कुठंच नव्हतं. तारखा वीरेशच्या वेळच्या, मजकूर वीरेशचा, आणि प्रत्येकावर नाव, राजशेखर.

"मी नाही घातलं, सुष्मिता."

"व्हय… मला वाटलंच. आज हे आपण होऊन बसलेत हितं. वाचायलेत. म्हणतात… हे मीच लिहिलंय की."

तिच्या मागून पुरुषाचा आवाज आला. मोकळा, मोठा, चेष्टेखोर. काहीतरी म्हणाला आणि स्वतःच हसला. सगळं कानडीत, जरासुद्धा न अडखळता.

"बंदे री… आले…" ती त्याला म्हणाली, आणि मग मला, अगदी हळू, "काय दुरुस्त करू नगा अक्का. पाया पडते तुमच्या." फोन बंद झाला.

ती घाबरली होती की सुखात होती, हे मला त्या आवाजावरून आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. मी रिसीव्हर ठेवला आणि पानाच्या तळाशी पाहिलं.

सध्या हजर: क्रांती, सुष्मिता, राजशेखर. त्याच्या नावापुढे 'कुटुंबप्रमुख' लागलं होतं. आणि पुढे, तो काय बघतोय ते.

राजशेखर, क्रांती यांचे पान पाहत आहेत.

वीरेशचं खातं माझ्या हातानं काढलं होतं. मी हात मांडीवर घेऊन बसून राहिले. खाली मशीनं सुरू झाली, पंखा फिरायला लागला, तरी ती ओळ बराच वेळ बदलली नाही.