नरसिंहकाकांचा नवा स्कॅनर

नरसिंह देवस्थळींच्या डोक्यात कुणीतरी इस्त्री घातली होती. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. भिंत रक्ताने माखली होती.

सुनयना रानडे दारातच थबकली. नोएडाच्या त्या नव्या सोसायटीत ती देवस्थळींच्या शेजारी राहायची आणि दिल्लीच्या एका सरकारी प्रयोगशाळेत संशयित दस्तऐवज तपासायची. इन्स्पेक्टर त्यागींशी तिची जुनी ओळख.

"आइए मॅडम. डकैती लगती है."

कपाट उचकटलेलं होतं. बाथरूममधून जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. इंदुमतीकाकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांची मुलगी कल्पना त्यांना धरून होती. भर मे महिन्यात तिने मनगटापर्यंत बाह्यांचा कुर्ता घातला होता.

कल्पनाचा नवरा विश्वजित मानेसरला कार पार्ट्सच्या कारखान्यात इंजिनिअर होता. आठवडाभर माहेरी असलेल्या बायकोला न्यायला तो सकाळीच आला होता.

"तू घरातच होतास?" सुनयनाने विचारलं.

"आतल्या खोलीत. या दोघी भाजी आणायला गेल्या होत्या. बाबांनी मला अल्बम दिला, म्हणाले, नव्या स्कॅनरवर फोटो स्कॅन कर. दार लावलं होतं, कूलर चालू होता. बाहेर आलो तर हे असं!"

"किती फोटो झाले?"

"बरेच. लग्नाचे वगैरे."

"रंग कसे आले?"

"एकदम मस्त. पण मशीन घरघर फार करतं यार, म्हणून तर काही ऐकू आलं नाही."

सुनयना आत गेली. अल्बम उघडा होता, स्कॅनर कॉम्प्युटरला जोडलेला. तो तिनेच निवडून दिला होता. जिन्यात काकांनी तिला गाठलं होतं.

"तो पातळवाला स्वस्त आहे गं. चालेल का?"

"कागदांना चालेल, काका. फोटोंना हा जाडा घ्या. किंचित महाग, पण रंग खरे येतात."

"कातडीवरचा निळसर, जांभळट रंगही?"

"बिल्कुल. पण विकत कशाला? नेहरू प्लेसला स्कॅन करून देतात की."

"हे फोटो दुकानात द्यायचे नाहीत," काका तुटकपणे म्हणाले होते.

स्कॅनर कालच आला होता. सुरू करून द्यायला ती आज संध्याकाळी येणार होती. तिने रुमालाने धरून तो उलटा केला, तळ पाहिला आणि त्यागींना हाक मारली.

"हा खटका बघा. प्रवासात आतला दिवा आदळू नये म्हणून कंपनी तो बंद करून पाठवते. उघडला नाही तर दिवा जागचा हलत नाही. हा अजून बंद आहे."

"मतलब?"

"याच्यावर एकही फोटो स्कॅन झालेला नाही. विश्वजित इथे बसलाच नव्हता."

विश्वजितचा चेहरा पांढराफटक पडला. "कॉम्प्युटरवर असतील ना फोटो…"

"दाखव."

तो कॉम्प्युटरकडे वळलाच नाही.

"काकांना अल्बम नव्हता करायचा," सुनयना म्हणाली. "कल्पनाच्या अंगावरच्या वळांचे फोटो त्यांनी स्वतः काढले असावेत. मूळ फोटो हातचे न सोडता एखाद्या वकिलाला ई-मेल करायचे असणार, म्हणून घरात स्कॅनर. आज एकटे असताना त्यांनी तुला सांगितलं, मुलगी परत पाठवणार नाही. तू इस्त्री उचललीस. फोटो, निगेटिव्ह बाथरूममध्ये जाळलेस, कपाट उचकटलंस आणि अल्बम मांडून ठेवलास."

"खोटं आहे! विचारा हिलाच!"

कल्पना उठली. तिने दोन्ही बाह्या वर केल्या. मनगटापासून कोपरापर्यंत जांभळे, पिवळे पडलेले वळ होते. काकूंनी तोंडावर पदर घेतला.

विश्वजितने झेप घेऊन कल्पनाचा गळा धरला. तिचं डोकं दाणकन भिंतीवर आपटलं. शिपायाची लाठी त्याच्या खांद्यावर बसली, हाड मोडल्याचा आवाज आला आणि तो रक्तातच कोसळला. तिथेच त्याला बेड्या पडल्या.

"मॅडम, बयान बाद में दे दीजिए," त्यागी कल्पनाला हलकेच म्हणाले.

कल्पनाने कपाळावरून ओघळणारं रक्त पुसलं. वडिलांच्या शेजारी जमिनीवर बसून तिने त्यांचा गार हात हातात घेतला.

"नहीं," ती म्हणाली. "अभी लिखिए. मैं शुरू से बताती हूँ."